अर्ध्या ओळखीचे शब्द: इंग्रजी शिकणाऱ्याला मदत करायला बसताना

बडोद्यात दांडिया बाजारातल्या आमच्या घराच्या पुढच्या खोलीत दुपारी चार ते साडेपाच इंग्रजीचा वर्ग भरतो. वर्ग म्हणजे काय, पाच माणसं, एक फळा आणि मध्ये चहा. कॅनडात मुलीकडे जायचं म्हणून आलेले एक काका, मुलाच्या शाळेच्या वहीतल्या सूचना वाचता याव्यात म्हणून येणाऱ्या शेजारच्या काकू, मेडिकल स्टोअरवर बसणारा एक मुलगा, आणि बी.कॉम.च्या दोन मुली. घरी मराठी, रस्त्यावर गुजराती, टीव्हीवर हिंदी, आणि इंग्रजी म्हटलं की सगळ्यांचं एकच वाक्य: ‘ग्रामर थोडं येतं हो, पण शब्दच नाहीत.’

तुमच्याकडेही कोणीतरी असंच येईल. मी शिक्षिका नव्हते, बँकेत होते. त्यामुळे सुरुवातीला बऱ्याच चुका केल्या. त्या तुम्ही करू नयेत म्हणून हे क्रमाने लिहिते आहे.

पहिला दिवस: आधी मोजदाद

पहिल्या दिवशी एकही नवा शब्द शिकवू नका. कोरा कागद द्या आणि सांगा, सकाळी उठल्यापासून आत्तापर्यंत तोंडात आलेले किंवा डोळ्यांपुढून गेलेले सगळे इंग्रजी शब्द मराठीत लिहून काढा. ब्रश, पेस्ट, गॅस, कुकर, टिफिन, स्कूटर, पंक्चर, सिग्नल, रिचार्ज, पासवर्ड, सीरियल, बीपी, शुगर. ‘मला इंग्रजीचा एक शब्द येत नाही’ म्हणणाऱ्या आमच्या काकूंनी पंधरा मिनिटांत दोन पानं भरली, आणि मग स्वतःच हसायला लागल्या.

आता त्या कागदावर तुमचं काम सुरू होतं. यातले बरेच शब्द अर्ध्या ओळखीचे असतात. माणूस रोज जिन्यात भेटतो, पण त्याचं पूर्ण नाव आपल्याला माहीत नसतं, तसे. कागदावर तीन खुणा करा. जे शब्द इंग्रजीतही त्याच अर्थाने चालतात त्यांना एक टिंब. ज्यांचा अर्थ आपल्याकडे येताना वाकला त्यांना फुली. आणि ज्यांचा उच्चार वाकला त्यांच्याखाली रेघ.

फुलीचे शब्द फार मजेचे आणि फार उपयोगाचे. आपण सेव-उसळ खायला ‘हॉटेलात’ जातो, इंग्रजीत हॉटेल म्हणजे मुक्काम करायची जागा. आपण ‘लाइट बिल’ भरतो, ते तिकडे इलेक्ट्रिसिटी बिल होतं. आपली ‘लाइट गेली’ म्हणजे तिथली पॉवर गेली. ‘कुकर’ म्हणजे इंग्लंडात चक्क शेगडी-ओव्हन, आपला तो प्रेशर कुकर. ‘पास आउट झालो’ असं परदेशात सांगितलं तर समोरचा पाणी आणायला धावेल, कारण त्याच्या लेखी तुम्ही बेशुद्ध पडला होता. ‘माझा एक डाउट आहे’ यापेक्षा ‘क्वेश्चन आहे’ बरं. डाउट म्हटलं की तुमचा त्याच्या बोलण्यावर विश्वास नाही असं वाटू शकतं. ‘स्टेपनी’ इथल्या कुठल्याही गॅरेजवाल्याला कळेल, पण कॅनडातल्याला ‘स्पेअर टायर’ सांगावं लागेल. हे भारतातलं इंग्रजी चुकीचं आहे असं मात्र शिकवू नका. इथे ते बरोबरच आहे. कुठे कुठलं चालतं एवढं सांगितलं की झालं.

दुसरं काम: कुठले शब्द आधी?

इथे नवखी माणसं हमखास फसतात, मीही फसले. बाजारात ‘रोज दहा शब्द’ छापाच्या पुस्तिका मिळतात, आणि त्यातला पहिलाच शब्द असा असतो की तो इंग्रजांनाही वर्षातून एकदा लागावा. स्पर्धा परीक्षेला बसणाऱ्याची गोष्ट वेगळी. बाकीच्यांनी वारंवारता पाहावी, म्हणजे कुठला शब्द किती वेळा भेटतो ते.

हे मोजण्याचं काम फार पूर्वी झालं आहे. मायकेल वेस्ट नावाचा इंग्रज शिक्षक ब्रिटिश काळात ढाक्याला बंगाली मुलांना इंग्रजी वाचायला शिकवण्याच्या खटपटीत होता. त्याने संपादित केलेली सुमारे २००० शब्दांची यादी १९५३ मध्ये प्रसिद्ध झाली. साध्या इंग्रजी मजकुरातले शंभरातले ऐंशीच्या आसपास शब्द त्या यादीतले असतात. २०१३ मध्ये तिची नवी आवृत्ती म्हणावी अशी यादी निघाली, सुमारे २८०० शब्दांची. ती नव्वद टक्क्यांच्या वर जाते. ही नवी यादी (‘न्यू जनरल सर्व्हिस लिस्ट’) इंटरनेटवर फुकट मिळते, ती उतरवून घ्या. पण ती शिकणाऱ्याच्या हातात देऊ नका. ती तुमच्यासाठी आहे, वाण्याकडच्या यादीसारखी: काय आणायचं राहिलं ते पाहायला.

काका पहिल्या आठवड्यात रुसले होते. ‘अहो ताई, गेट, टेक, पुट, मेक हे काय शिकवता? पाचवीत झालं की.’ मी म्हटलं, मग ‘पुट अप विथ’ म्हणजे काय ते सांगा. काका गप्प. (सहन करणे, खपवून घेणे.) छोटे शब्दच लबाड असतात. लांबलचक शब्दाचा बहुधा एकच अर्थ असतो, तो एकदा कळला की सुटलात. ‘गेट’ मात्र सकाळी उठण्यापासून (गेट अप) बसमध्ये चढण्यापर्यंत (गेट ऑन) आणि एखाद्या दुःखातून सावरण्यापर्यंत (गेट ओव्हर) सगळीकडे हजर.

यादी वापरताना एक काळजी घ्या. विरुद्धार्थी किंवा एकाच पिशवीतले शब्द एका दिवशी शिकवू नका. सगळे रंग, सगळी फळं, लेफ्ट-राइट, बॉरो-लेंड असं जोडीने दिलं की डोक्यात गुंता होतो. पुस्तकांत असंच दिलेलं असतं, दिसायलाही छान दिसतं. पण उसनं घेणं कुठलं आणि देणं कुठलं, हा घोळ मग महिनोन्‌महिने सुटत नाही. आज ‘बॉरो’ द्या, तो पक्का होऊ द्या, दोन आठवड्यांनी ‘लेंड’.

तिसरं काम: शब्द एकटा देऊ नका

माझ्या मते सगळी गोम इथे आहे, म्हणून इथे जरा थांबते.

मराठीतलं ‘लागणे’ घ्या. भूक लागली, झोप लागली, बसला तास लागला, दुकानाला आग लागली, मुलाला नोकरी लागली, डोकं दाराला लागलं, आमटी गोड लागते, फोन लागत नाही, बोलणं मनाला लागलं. आता हेच इंग्रजीत: आय ॲम हंग्री. आय फेल अस्लीप. द बस टुक ॲन अवर. द शॉप कॉट फायर. ही गॉट अ जॉब. आय हिट माय हेड. इट टेस्ट्स स्वीट. द कॉल इजन्ट गोइंग थ्रू. इट हर्ट मी. नऊ वाक्यं, आणि ‘लागणे’ला एक कायमचा इंग्रजी शब्द नाहीच. गंमत म्हणजे एरवी मराठीत अडलं की गुजराती-हिंदी मदतीला येतात, इथे तीही येत नाहीत. ‘भूख लागी’, ‘भूख लगी’. तिन्ही बहिणी एका बाजूला.

म्हणून वहीत ‘लागणे = ...’ असं लिहायची सोयच नाही. शब्द नेहमी त्याच्या सोबत्यासकट लिहायचा. ‘डिसिजन’ नव्हे, ‘मेक अ डिसिजन’. ‘एक्झाम’ नव्हे, ‘टेक ॲन एक्झाम’. आपण परीक्षा देतो म्हणून आपली मुलं ‘गिव्ह’ म्हणतात; विलायतेत परीक्षा घेतात, आणि तीही विद्यार्थीच. खोटं ‘बोलतात’ म्हणून ‘स्पीक अ लाय’ होतं, ते हवं ‘टेल अ लाय’. दिवा ‘बंद’ करतात म्हणून ‘क्लोज द लाइट’, ते हवं ‘टर्न ऑफ’. आमच्याकडे एका मुलीने ‘चालेल’चं ‘इट विल वॉक’ केलं होतं. त्या दिवशी चहा सांडेपर्यंत हसलो सगळे, पण ‘दॅट्स फाइन’ ती आजवर विसरलेली नाही.

करून पाहायचा सराव असा. एक मराठी क्रियापद घ्या: लावणे, काढणे, बसणे, येणे. शिकणाऱ्याला त्याची घरातली सात-आठ वाक्यं बोलायला सांगा. मग प्रत्येकाचं इंग्रजी दोघांनी मिळून शोधा. ‘काढणे’वर आमचा सबंध आठवडा गेला: फोटो काढणे, रांगोळी काढणे, चपला काढणे, पैसे काढणे, दिवस काढणे. शेवटच्यावर अजून वाद चालू आहे.

चौथं काम: अर्थ कसा सांगायचा

काही लोक शपथ घेतल्यासारखं सांगतात की इंग्रजी इंग्रजीतूनच शिकवा, मराठी आणू नका. मला ते पटत नाही. वस्तू असेल तर दाखवा, कृती असेल तर करून दाखवा, आणि ‘रिलक्टंट’सारखं काही असेल तर सरळ ‘मन घेत नाही पण करतोय’ असं सांगून मोकळे व्हा. दहा मिनिटं इंग्रजीत हातवारे करून शेवटी त्याने मनात मराठीच शब्द लावायचा असेल, तर आपणच तो नीट लावून दिलेला बरा.

आणि मराठीच कशाला? जी भाषा पटकन येईल ती. मेडिकलवरच्या मुलाला बऱ्याच गोष्टी गुजरातीत आधी सुचतात, कारण दिवसभर गिऱ्हाइकाशी तेच बोलणं. त्याच्या वहीत अर्थाच्या रकान्यात दोन्ही असतं, आणि ते अगदी बडोद्याला साजेसं आहे. सयाजीराव महाराजांच्या राज्यात कारभारातल्या शब्दांचा एक कोश झाला, ‘श्री सयाजी शासन शब्दकल्पतरू’, १९३१ सालचा. एका इंग्रजी शब्दापुढे गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी, बंगाली असे प्रतिशब्द. आठ भाषांचा तो पसारा आठवला की आमच्या दोन रकान्यांची वही फारच साधी वाटते.

शब्दकोश दोन ठेवा. पहिले काही महिने इंग्रजी-मराठी. नंतर शिकणाऱ्यांसाठी केलेला इंग्रजी-इंग्रजी. हे कोश साध्या इंग्रजी कोशांपेक्षा वेगळे असतात: लाँगमनच्या कोशात (पहिली आवृत्ती १९७८) सगळे अर्थ सुमारे २००० सोप्या शब्दांच्या मर्यादेत सांगितले आहेत. म्हणजे ते २००० आले की कोश स्वतःहून उघडतो. शिवाय प्रत्येक शब्दाखाली वाक्य असतं. अर्थ वाचून पान मिटणाऱ्याला ते वाक्य मोठ्याने वाचायला लावा.

उच्चार देवनागरीत लिहायला हरकत नाही. ‘ॲ’ आणि ‘ऑ’ आपल्याकडे आहेत, ‘व’ आणि ‘व्ह’चा भेद आपण लिहून दाखवू शकतो. पण देवनागरीत एक गोष्ट दिसत नाही: जोर कुठे द्यायचा. ‘रेकॉर्ड’ नाम असेल तर जोर पहिल्या भागावर, क्रियापद असेल तर दुसऱ्यावर. त्यासाठी जोराच्या भागाखाली रेघ मारायची सवय लावा. आपण सगळी अक्षरं सारख्या वजनाने बोलतो, त्यामुळे शब्द बरोबर असूनही समोरच्याला कळत नाही आणि बिचारा शिकणारा समजतो की शब्दच चुकला.

पाचवं काम: मिठाईचा खोका

शब्द शिकवणं सोपं, टिकवणं अवघड. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन माणसाने स्वतःवरच प्रयोग करून १८८५ मध्ये दाखवलं की पाठ केलेलं आपण सुरुवातीला झपाट्याने विसरतो, मग वेग मंदावतो. म्हणून उजळणी अंतराअंतराने हवी, आणि अंतर वाढत जायला हवं. पुढे १९७० च्या दशकात सेबास्टियन लाइट्नर याने यावर खोक्याची युक्ती लोकप्रिय केली. मी ती दिवाळीच्या मिठाईच्या रिकाम्या खोक्यात करते.

खोक्याला पुठ्ठ्याचे पाच कप्पे करा. जुन्या लग्नपत्रिका कापून चिठ्ठ्या. एका बाजूला मराठी वाक्य, त्यात हव्या त्या शब्दाखाली रेघ; दुसऱ्या बाजूला इंग्रजी वाक्य. नवी चिठ्ठी पहिल्या कप्प्यात. पहिला कप्पा रोज पाहायचा, दुसरा एक दिवसाआड, तिसरा चार दिवसांनी, चौथा आठवड्याने, पाचवा पंधरवड्याने. आलं तर चिठ्ठी पुढच्या कप्प्यात, नाही आलं तर कुठूनही थेट पहिल्यात. पाचव्यातूनही बरोबर आली की चिठ्ठी बाहेर. मोबाइलवर हेच करणारी ॲप्स आहेत, अँकी त्यातलं जुनं आणि कॉम्प्युटरवर फुकट मिळणारं. बी.कॉम.च्या मुली तेच वापरतात. काकूंना मात्र खोका आवडतो, कारण कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत दहा चिठ्ठ्या होतात.

दोन नियम. मराठीकडून इंग्रजीकडे जायचं, उलटं नाही. उलटं सोपं असतं आणि त्याने खोटा विश्वास येतो. आणि अडला की लगेच सांगायचं नाही. मनात पाच आकडे मोजा. आठवायची धडपड हाच तर व्यायाम. त्या पाच आकड्यांत गप्प बसणं मला सगळ्यात जड गेलं.

दिवसाला नवे शब्द किती? पाच. उत्साही असला तर सात. वीस म्हणणाऱ्याला हसून पाच द्या.

सहावं काम: शब्दांची घराणी

हे दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात. इथे मराठी माणसाला आयती शिदोरी आहे. आहार, विहार, प्रहार, संहार, परिहार: शेपूट एक, डोकी बदलली की अर्थ बदलला. उपसर्ग शाळेत घोकलेले असतात, फक्त त्यांचा इंग्रजीशी संबंध कोणी लावून दिलेला नसतो. ‘स्पेक्ट’ म्हणजे पाहणे. संस्कृतातलं ‘पश्यति’ याच कुळातलं. मग इन्स्पेक्ट म्हणजे आत डोकावून पाहणे, रिस्पेक्ट म्हणजे वळून पुन्हा पाहणे, सस्पेक्ट म्हणजे खालून तिरकं पाहणे, प्रॉस्पेक्ट म्हणजे पुढे पाहणे. ‘पोर्ट’ म्हणजे वाहून नेणे: इम्पोर्ट, एक्स्पोर्ट, ट्रान्सपोर्ट. ‘अनहॅपी’मधलं ‘अन’ आणि ‘अनादर’मधलं ‘अन्’ ही सख्खी भावंडं आहेत, हे सांगितलं की वर्ग एकदम जागा होतो.

अति मात्र करू नका. घराण्यावरून अर्थाचा अंदाज येतो, खात्री येत नाही. शोधून झाल्यावर कोशात पाहायचंच.

सातवं काम: वाचन, पण कुठलं

पन्नास शब्दांत एकच अनोळखी असेल तर वाचन सुरळीत चालतं, आणि तो एक शब्दही संदर्भावरून उमगतो. पाच-सहा अनोळखी आले की ते वाचन राहत नाही, खडी फोडणं होतं. त्यामुळे मोठ्या वयाच्या माणसालाही लहान मुलांची किंवा सोपी करून लिहिलेली पुस्तकं द्यायला लाजू नका. मांडवीजवळची सेंट्रल लायब्ररी आहेच. महाराजांनी अमेरिकेहून बॉर्डन नावाच्या ग्रंथपालाला बोलावून १९१० मध्ये सुरू केलेली. तिथले लोखंडी मांडण्यांचे मजले आणि काचेची जमीन बघायला म्हणून न्या, येताना एक पातळसं पुस्तक घेऊन या.

सगळ्यात चांगलं वाचन म्हणजे ज्याची गोष्ट आधीच माहीत आहे ते. ऑगस्ट २०२४ मध्ये आमच्या विश्वामित्री नदीला पूर आला, मगरी वस्त्यांत शिरल्या. प्रत्येकाकडे सांगण्यासारखं होतं. त्या आठवड्यात मी फक्त इंग्रजी बातम्यांची कात्रणं आणली. ‘रिलीज’ हा शब्द सगळ्यांना पिक्चरचा माहीत. बातमीत आजवा धरणातून पाणी ‘रिलीज’ झालं होतं, आणि पकडलेल्या मगरीही. काका म्हणाले, ‘म्हणजे सोडणे!’ तो क्षण मला फार आवडतो. अर्ध्या ओळखीच्या माणसाचं पूर्ण नाव कळावं तसा. मग ‘रेस्क्यू’, ‘स्ट्रँडेड’, ‘रिसीड’ हे खरे नवे शब्द आपोआप त्याच्यामागे आले, कारण पाणी ओसरण्याची वाट सगळ्यांनीच पाहिली होती.

तीन महिन्यांनी

पहिल्या दिवसाचा कागद जपून ठेवलेला असू द्या. तीन महिन्यांनी तो काढा आणि प्रत्येक फुलीच्या शब्दाचं एकेक वाक्य तोंडी मागा. लेखी नको, लिहिताना माणूस जपून लिहितो, बोलताना खरं काय मुरलं ते कळतं. निम्मे आले तरी छान. जे आले नाहीत त्यांच्या चिठ्ठ्या पुन्हा खोक्यात.

शब्द टिकत नसेल तर आधी बघा की तो त्या माणसाला लागतो का. काकूंच्या डोक्यात ‘इन्व्हॉइस’ काही केल्या राहीना. सहा वेळा परत पहिल्या कप्प्यात आला, तेव्हा मी चिठ्ठीच फाडून टाकली. त्यांना कुठे बिलं करायची आहेत? ‘सबमिट’, ‘ड्यू डेट’, ‘अब्सेंट’ मात्र एकदाच सांगावे लागले, शाळेच्या वहीत रोजच येतात.

मेडिकलवरच्या मुलाला मी सांगितलं होतं की दुकानातल्या खोक्यांवरचं एक तरी वाक्य रोज आण. परवा तो आला तो जिन्यातूनच ओरडत. ‘ताई, स्टोअर इन अ कूल, ड्राय प्लेस! दोन वर्षं मेडिकल स्टोअरमध्ये बसतोय, स्टोअर म्हणजे ठेवणंसुद्धा होतं हे आज कळलं.’ चिठ्ठीच्या एका बाजूला आम्ही ‘औषध थंड, कोरड्या जागी ठेवा’ लिहिलं, दुसऱ्या बाजूला त्याचं वाक्य, कोपऱ्यात बारीक अक्षरात ‘स्टोअरेज’, आणि चिठ्ठी पहिल्या कप्प्यात टाकली.